बोळ रुंद झालेत का?

जिना अरुंद. वर पोचताच समोर फलक: ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ नारायण पेठेतल्या त्या सोनोग्राफी केंद्रात भाचीनं ओळखपत्र दिलं, फॉर्म एफवर सही केली. हा कागद गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानं आला. महाराष्ट्रानं मात्र असा कायदा १९८८ मध्येच केला होता. मग सिस्टरनी तिला पाच मिनिटं नुसतं बसवलं आणि बीपी घेतलं. दोन्ही दंडांवर, दोन-दोनदा.

“बाळ बघायचंय ना, मग इतकं बीपी कशाला?” मी विचारलं.

“मावशी, आज बाळाइतकंच आईलाही बघायचंय,” डॉक्टर म्हणाल्या.

बारा आठवडे तीन दिवस. पडद्यावरचं बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत ५९ मिलिमीटर. ही लांबी ४५ ते ८४ च्या मध्ये असेल तरच मानेमागच्या पाण्याच्या पातळ थराचं माप, म्हणजे एनटी, धरता येतं. त्यासाठी बाळ नेमकं एका बाजूनं दिसायला हवं, आणि ते तर पाठ फिरवून बसलेलं. डॉक्टरांनी भाचीला खोकायला लावलं, कुशीवर वळवलं, वाट पाहिली. मिळालेलं पहिलं चित्र त्यांनी पुसून टाकलं. हनुवटी छातीला टेकली होती. तशात माप कमी भरतं. चौथ्या खेपेला मनासारखं चित्र मिळालं: १.६. मिलिमीटरच्या दशांशासाठी कुणी इतकं थांबतं, हे मी प्रथमच पाहत होते.

मग प्रोब खाली, गर्भाशयाच्या मुखापाशी. किंचित तिरका केला आणि लाल-निळी धमनी उजळली. खोलीत आवाज भरला, शूऽ शूऽ, भाचीच्या स्वतःच्या रक्ताचा. एकसारख्या तीन लाटा मिळेपर्यंत डॉक्टरांचा हात हलला नाही. आधी डावी धमनी, मग उजवी.

वार रुजताना तिच्या पेशी गर्भाशयातल्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात, भिंतीतले स्नायू हटवतात आणि त्यांना रुंद, सैल करतात. डॉक्टरांनी ते पेठेच्या भाषेत सांगितलं: “बोळांचा लक्ष्मी रोड व्हायला हवा.” नाही झाला, तर रक्त अडखळतं. पुढे बाळाची वाढ खुंटते. विसाव्या आठवड्यानंतर आईचं बीपी चढतं (प्रीएक्लॅम्प्सिया), कधी झटकेही येतात. त्या अडखळण्याची खूण आजच, सगळं छान वाटत असताना, त्या लाटांत उमटू शकते.

पण नुसत्या लाटांवर निकाल देत नाहीत. वय, वजन, आधीचा इतिहास, बीपी आणि दोन दिवसांपूर्वी दिलेल्या रक्तातलं पीएलजीएफ हे वारेचं प्रथिन, सगळं एकत्र करून धोक्याचं गणित मांडतात. लंडनमध्ये किप्रोस निकोलाइडिस यांच्या गटानं बसवलेली ही रीत. भाचीचं उत्तर आलं: साठात एक.

“म्हणजे मला होणारच?”

“नाही गं. तुझ्यासारख्या साठजणींत एकीला सदतिसाव्या आठवड्याआधी हा त्रास होईल, एकोणसाठजणींना नाही. पण ती एक कोण, ते कळत नाही, म्हणून गोळी.”

अ‍ॅस्पिरिन, १५० मिलिग्रॅम, रोज रात्री, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्रे चाचणीत असा धोका असलेल्या बायका होत्या. ही गोळी घेणाऱ्या ७९८ जणींपैकी १३ जणींना तो त्रास झाला. खोटी गोळी मिळालेल्या ८२२ पैकी ३५ जणींना. इतकी स्वस्त गोळी! आपल्याकडेही रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं २०१९ मध्ये ‘संरक्षण’ कार्यक्रम हाती घेतला, तो रक्तप्रवाह बघणाऱ्या अशाच डॉपलर तपासण्या गावोगाव पोचाव्यात म्हणून. पोचायलाच हव्यात, कारण गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते.

बाहेर काउंटरवर वेल्ह्याकडची एक मुलगी सासूबरोबर उभी होती. कितवा महिना, असं विचारल्यावर सासूच बोलली, “पाचवा सरत आला. पहिलीच सोनोग्राफी आहे.” भाचीनं हातातल्या गोळीच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. सिस्टर म्हणाल्या, “बस हं, आधी बीपी बघू.” आणि पट्टा तिच्या दंडाभोवती गुंडाळला.