गालिचा उलटून पाहा
(द्वितीय वर्ष, कला)

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ मला मात्र मागील उन्हाळ्याच्या सुट्टीत एका गालिच्याने शिकविला.

फीसाठी चार पैसे जमावेत म्हणून मी पुण्यात जुन्या सामानाच्या एका दुकानात कामाला राहिलो होतो. एके दिवशी एक निवृत्त शिक्षक आपल्या पत्नीसह आले. तांबड्या रंगाचा, फुलावेलींचा एक गालिचा दोघांच्याही मनात भरला. मालक म्हणाले, "अस्सल विलायती आहे सर, राणीच्या राज्यातला. ॲक्समिन्स्टर!" सरांनी माझ्याकडे वळून विचारले, "काय रे बाळ, खरंच शंभर वर्षांचा आहे का हा?" मला काहीच ठाऊक नव्हते. मी मालकांकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलविली.

संध्याकाळी तोच गालिचा खांद्यावर घेऊन सरांचे तीन जिने चढताना माझ्या मानेवर पिवळट भुकटी पडू लागली. गालिच्याच्या पाठीला लावलेला रबरासारखा थर वाळून झडत होता. लोकर मला परकी नाही. आमचे घराणे माणदेशातील सनगरांचे; माझे आजोबा घोंगड्या विणीत. पण लोकरीच्या वस्तूतून अशी भुकटी पडलेली मी कधी पाहिली नव्हती. कॉलेज सुरू झाल्यावर ग्रंथालयात मिळतील ती पुस्तके काढून मी या विषयाचा शोध घेतला. जे समजले ते येथे मांडतो. आपल्यापैकी किती जण इंग्रजी गालिचा विकत घेणार, असे कोणी म्हणेल. परंतु जुनी वस्तू पारखायची कशी, हा प्रश्न सर्वांचाच आहे.

प्रथम 'जुना' म्हणजे किती जुना? व्यापारात साधारणपणे शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूलाच 'अँटिक' म्हणतात. आपल्या देशाच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानेही बहुतेक वस्तूंसाठी हीच शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. त्याहून अलीकडचा गालिचा सुंदर असेल, टिकाऊही असेल. पण त्यासाठी अँटिकचा भाव देण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट नावाची. 'ॲक्समिन्स्टर' हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक भुलते, कारण या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत. ॲक्समिन्स्टर हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील एक गाव. तेथील थॉमस व्हिटी नावाच्या विणकराने लंडनमध्ये तुर्की गालिचा पाहिला आणि तसा मोठा, बिनजोडाचा गालिचा आपल्या मागावर विणता येईल काय, याचा ध्यास घेतला. १७५५ साली त्याने पहिला गालिचा विणावयास घेतला. त्याचे पहिले कामकरी कोण, तर त्याच्याच घरातील मुले आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक नातलग स्त्री! दोन वर्षांनी, १७५७ मध्ये, लंडनच्या कलासंस्थेचे बक्षीस त्याला थॉमस मूर या दुसऱ्या कारखानदाराबरोबर विभागून मिळाले. पुढे सरदार-उमरावांच्या वाड्यांसाठी त्याच्याकडून गालिचे जाऊ लागले. सॉल्ट्रम येथील वाड्यात रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराने छतावरील नक्षीला जुळेल असा गालिचा योजला होता. तो १७७० च्या सुमारास व्हिटीनेच विणला. या गालिच्यात लोकरीची एकेक गाठ उभ्या धाग्यांवर हाताने बांधलेली असे. हा 'ॲक्समिन्स्टर'चा दुसरा अर्थ.

पण १८२८ साली या कारखान्याला आग लागली, १८३५ मध्ये त्याचे दिवाळे वाजले आणि माग विकले जाऊन विल्टन गावी गेले. त्यानंतर ॲक्समिन्स्टर गावात पुन्हा गालिचे विणले जाऊ लागले ते थेट १९३७ साली. म्हणजेच 'हा १८९० साली ॲक्समिन्स्टर गावात विणलेला' असे कोणी सांगितले, तर ते अशक्य आहे! मग त्या काळातले इतके 'ॲक्समिन्स्टर' आले कोठून? तर १८७६ च्या सुमारास अमेरिकेत हॅल्सियन स्किनरने एक यंत्रमाग शोधून काढला. त्यात प्रत्येक ओळीचे रंगीत धागे आधीच रिळांवर गुंडाळून ठेवीत, त्यामुळे हवे तितके रंग वापरता येत. १८७८ मध्ये किडरमिन्स्टरच्या टॉमकिन्सन आणि ॲडम या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. या यंत्राच्या मालालाही 'ॲक्समिन्स्टर' हेच नाव पडले. हा तिसरा अर्थ. दुकानदार खोटे बोलत नाही, पण तिसऱ्या अर्थाचा माल दुसऱ्या अर्थाच्या भावाने विकतो.

यावर उपाय एकच. गालिचा उलटून पाहा. वरची बाजू पाहुण्यांसाठी असते. विणकर काय करीत होता ते पाठ सांगते.

पाठीवर वरचीच नक्षी स्पष्ट दिसत असेल आणि गाठींच्या ओळी किंचित वाकड्या, लहानमोठ्या असतील, तर हातचे काम असण्याचा संभव आहे. हाताने विणलेल्या गालिच्याच्या टोकाच्या दशा म्हणजे उभ्या धाग्यांचीच टोके असतात. दशांची पट्टी वेगळी शिवलेली असेल, तर ती यंत्राची किंवा नंतरच्या दुरुस्तीची खूण समजावी. रिळांच्या यंत्रावरील ॲक्समिन्स्टरची पाठ तागाची, आडव्या रेघांची व ताठ असते. तो लांबीच्या दिशेने सहज गुंडाळला जातो, पण रुंदीच्या दिशेने गुंडाळू गेल्यास आखडतो. शिवाय हा ताग बंगालमध्ये पिकून स्कॉटलंडच्या डंडी शहरातील गिरण्यांत जाई व १९ व्या शतकाच्या मध्यापासून त्याचा वापर सर्वत्र वाढला. म्हणून तागाच्या पाठीचा गालिचा 'अठराव्या शतकातला' म्हणून कोणी पुढे केल्यास नमस्कार करून निघावे.

'ब्रसेल्स' आणि 'विल्टन' हे दोन प्रकार सख्ख्या भावांसारखे. ब्रसेल्समध्ये लोकरीचे फास तसेच ठेवतात. विल्टनमध्ये ते कापतात, म्हणजे मखमलीसारखी लव तयार होते. यांची गंमत अशी, की नक्षीत पाच रंग असतील तर पाचही रंगांचे धागे गालिच्याच्या अंगातून सतत धावत असतात. ज्या रंगाची पाळी असेल तो वर येतो, बाकीचे आत दडून राहतात. न दिसणारी लोकर दिसणाऱ्या लोकरीपेक्षा जास्त! म्हणून हे गालिचे वजनाला भारी आणि पायाला दमदार लागतात. ते बहुधा २७ इंच रुंदीच्या पट्ट्यांत विणून मग शिवीत. पाठीवर असे जोड दिसले तर घाबरू नये. त्या काळाची ती रीतच होती. किडरमिन्स्टरच्या दुसऱ्या एका प्रकाराला तर लवच नसते. तो दुहेरी कापडासारखा सपाट असून उलट बाजूला त्याच नक्षीचे रंग बदललेले दिसतात. आणि पाठीवर रबरासारखा डिंक व त्यावर जाळीचे कापड चिकटविलेले असेल, तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, यंत्राने धागे टोचून केलेला माल असतो. सरांचा गालिचा हाच होता.

पाठीनंतर रंग. विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ साली डांबरापासून जांभळा रंग तयार केला. (माझ्याहून तो एक वर्षाने लहान होता, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.) त्यापूर्वी तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या जातीची मुळे, निळ्यासाठी नीळ असे मुख्यतः नैसर्गिक रंग होते. लव बोटांनी फाकून पाहावी. मुळाशी गर्द आणि टोकाकडे हळूहळू फिका असा रंग असेल, तर तो वापराने व उन्हाने उतरला आहे. टोके गर्द आणि मूळ मात्र पांढुरके असेल, तर झिजलेल्या जागी नंतर रंग फासला असण्याची शंका घ्यावी. पांढरे ओले फडके दाबून पाहावे; त्यावर रंग उतरला तर सावध व्हावे.

जुन्या लोकरीचा मोठा शत्रू म्हणजे कसर. ती नेहमी अंधारात, म्हणजे कपाटाखालच्या भागात आणि कडेला लागते. त्यामुळे मधोमध नव्हे, कोपऱ्यांत पाहावे. गालिच्याचा कोपरा हलकेच दुमडून कान लावावा. करकर असा आवाज आला तर आतला ताग किंवा सूत कुजले आहे. असा गालिचा भिंतीवर शोभेल, पायाखाली टिकणार नाही. लोकरीची खात्री करायची तर सुटलेला एखादा धागा मागून घेऊन जाळावा. लोकर केसासारखा वास देते आणि राख बोटाने चुरडली जाते. ही परीक्षा मला पुस्तकाआधी आजीने शिकविली होती.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज आढळतो. साहेबाच्या बंगल्यातून आला म्हणजे गालिचा विलायतीच! वस्तुस्थिती उलटही असू शकते. इंग्रजी अमलात आग्रा, लाहोर आणि आपल्या येरवड्याच्या तुरुंगांतही कैद्यांकडून गालिचे विणून घेत. बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात, या तुरुंगातील स्वस्त मालामुळे भारतीय गालिच्यांची कला बिघडत आहे, अशी टीका केली होती. तेव्हा बंगल्यातला गालिचा कदाचित आपल्याच एखाद्या अनाम कैद्याच्या हातचा असेल.

हे सारे वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते किडरमिन्स्टरच्या हकिगतीने. ज्या १८२८ साली ॲक्समिन्स्टरला आग लागली, त्याच वर्षी मजुरी कापल्यामुळे किडरमिन्स्टरच्या विणकरांनी अनेक महिने संप केला आणि शेवटी त्यांना हार पत्करावी लागली. त्यांच्या मागांवर हाताखाली लहान मुले राबत. पुढे १८५० नंतर वाफेवरचे माग आले, हातमाग बंद पडले आणि अनेक कुटुंबांनी गाव सोडले. माझ्या आजोबांचा माग कोणत्याही संपात बंद पडला नाही. बाजारात गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली, आणि एका वर्षी त्यांनी चिंचोक्यांची खळ शिजविलीच नाही, एवढेच. मागाच्या खड्ड्यात आता आम्ही सरपण ठेवतो.

म्हणून यंत्राचा म्हणजे वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. हातमागाचा एवढा कैवारी विल्यम मॉरिस! १८७८ पासून त्याने हॅमरस्मिथ येथे हाताने गाठींचे गालिचे विणून घेतले; पण यंत्रमागावरील गालिच्यांसाठीही त्याने नक्षी काढून दिली होती. यंत्राचा चांगला गालिचा यंत्राचा म्हणून, त्याच्या भावाने घ्यावा. खोटेपणा यंत्रात नाही. एकाच्या मेहनतीचे नाव दुसऱ्याच्या मालाला देण्यात आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी धीर करून सरांच्या घरी गेलो. घडलेले सर्व सांगितले व माझ्या मान हलविण्याबद्दल क्षमा मागितली. आम्ही दोघांनी मिळून गालिचा उलटला. सरांनी चष्मा पुसून ती झडलेली पाठ बराच वेळ पाहिली. बाई म्हणाल्या, "मला अजूनही आवडतो हो." मग आम्ही तो पुन्हा सुलटा अंथरला आणि बाईंनी चहा टाकला.

चहा पिताना सरांनी विचारले, "गालिच्याचं कळलं. आता हे सांग, तुमचं हातमागाचं अस्सल घोंगडं कसं ओळखायचं?"

या वेळी उत्तर देण्यासाठी मला कोणाच्याही तोंडाकडे पाहावे लागले नाही.