पुस्तकातला क्यूआर कोड : सुरुवात परितेवाडीतून

माढा तालुक्यातील (जि. सोलापूर) परितेवाडी जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले. अनेक मुलांच्या घरची भाषा कन्नड. पुस्तक समजणार कसे? गुरुजींनी मुलांच्या भाषेत धडे तयार केले आणि पुस्तकांना क्यूआर कोड जोडले.

कोड काय करतो?
मोबाइलने स्कॅन करताच कविता ऐकू येते, व्हिडिओ, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडतो.

पुढे काय झाले?
बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली.

अडचण कुठे?
घरात स्मार्टफोन किंवा रेंज नसेल, तर कोड मुकाच राहतो. तिथे भिस्त पुन्हा शिक्षकावरच.