गल्लीतला कॅमेरा, शहराची आठवण

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांची छायाचित्रे हजारो घरांत सापडतील. पण आपल्याच गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटवर अंडी उबवणाऱ्या टिटवीचे, कोपऱ्यावरच्या जुन्या घराचे, आटत चाललेल्या तलावाचे छायाचित्र किती जणांकडे असते? जबलपूरच्या विजय नगरसारख्या वसाहतीत राहून रोजचेच जग टिपणाऱ्या छायाचित्रकाराचे मोल शहराला फार उशिरा कळते.

जबलपूरला आलेला पाहुणा आधी भेडाघाट गाठतो. नावेत बसून नर्मदेच्या दोन्ही अंगांचे पांढरेशुभ्र कडे पाहतो, धुवांधारचे तुषार अंगावर घेतो आणि कॅमेरा भरून परततो. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है' या १९६० सालच्या चित्रपटाने हे कडे देशभर पोहोचवले. तेव्हापासून त्यांची छायाचित्रे निघतच आहेत.

विजय नगरकडे मात्र पाहुण्याची पावले सहसा एकाच कारणासाठी वळतात. तेथल्या कचनार सिटीत ७६ फूट उंचीची शिवमूर्ती आहे. मूर्तीसमोर कुटुंबाला उभे करायचे, फोटो काढायचा आणि रिक्षा वळवायची. कचनार म्हणजे आपला कांचन. ज्या वसाहतीला झाडाचे नाव मिळाले, तिथे ते झाड फाल्गुनात फुलते की नाही, हे पाहायला पाहुण्याकडे वेळ नसतो. ते काम तिथे राहणाऱ्याचे. तोच माणूस त्याच रस्त्यावरून थंडीत, उन्हात आणि पावसात जातो. त्याच्या हाती कॅमेरा असेल, तर जे इतर कोणालाही दिसत नाही ते त्याला दिसते: बदल.

नाव उरले, पाणी गेले

जबलपूर हे तलावांचे शहर. येथे ५२ ताल होते, असे जुने लोक सांगतात. राणी दुर्गावतीच्या नावाने राणीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने आधारताल, अशी कथा येथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. तिच्या काळाची आठवण या नावांनी साडेचार शतके जपली.

पण आज चेरीताल म्हटले की डोळ्यांसमोर पाणी येत नाही, घरांची दाटी येते. राणीताल म्हटले की क्रीडासंकुल आठवते. मढाताल म्हटले की बाजार. हनुमानताल आणि आधारताल येथे अजून पाणी आहे, म्हणून त्यांच्या नावाला अर्थ आहे. बाकी अनेक ठिकाणी फलकावर 'ताल' उरला आणि खाली डांबर आले.

एखादा तलाव एका दिवसात नाहीसा होत नाही. आधी काठावर राडारोडा पडतो. मग कोपऱ्यात एक टपरी उभी राहते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते आणि पावसाळ्यात पूर्ण परत येत नाही. दहा वर्षांनी कोणी विचारले की पाणी कुठवर होते, तर शेजारीशेजारी राहणारे दोघे दोन वेगळ्या जागा दाखवतात. दरवर्षी एकाच जागी उभे राहून काढलेले दहा फोटो असते, तर हा वाद झाला नसता.

भूकंपाने शिकवलेला धडा

मदन महालच्या टेकडीजवळ एक प्रचंड खडक दुसऱ्या खडकावर जेमतेम टेकलेला आहे. पाहणाऱ्याला वाटते, आता कोसळेल. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ४० माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले, कित्येक पडली. हा खडक मात्र जागचा हलला नाही.

आता गंमत पाहा. खडकाची छायाचित्रे भूकंपाच्या आधीही असंख्य होती. पडलेल्या घरांची किती होती? ज्या पडवीत आजी धान्य निवडायची, ज्या देवडीवर मुले अभ्यासाला बसायची, तिचा फोटो कोणी कशाला काढील? कॅमेरा बाहेर निघायचा तो मुंजीत, लग्नात आणि बारशाला. त्या फोटोंत माणसे ओळीने उभी असतात आणि घर मागे अर्धेमुर्धे दिसते. घर गेल्यावर त्या अर्ध्यामुर्ध्या भिंतीलाच किंमत येते.

छोट्या गाडीचेही तसेच झाले. जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाकडे जाणारी सातपुड्यातली नॅरोगेज गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. जबलपूरचे हाऊबाग हे तिचे स्थानक. विदर्भातल्या कितीतरी मराठी घरांचे माहेर-सासर या गाडीने जोडले होते. जबलपूर-नैनपूर मार्गावर २०१५ मध्ये ती थांबली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. प्रवास वेगवान झाला, हे चांगलेच झाले. पण डब्यात समोरासमोर गुडघे टेकवून बसलेली माणसे, खिडकीतून आत आलेली डहाळी आणि फलाटावरचा चहावाला ज्याने आधीच टिपून ठेवला, त्याच्याकडेच आता ती गाडी उरली आहे.

पॅरिसमध्ये यूजीन आत्जे नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. जड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या पाठीवर घेऊन तो तीसेक वर्षे आपल्याच शहरात फिरला. दुकानांच्या खिडक्या, जुने जिने, बागेतली झाडे, फेरीवाले हे त्याचे विषय. चित्रकारांना संदर्भासाठी लागणारे फोटो विकून तो पोट भरायचा आणि स्वतःला मोठा कलावंत म्हणवून घेत नसे. १९२० मध्ये त्याच्याकडच्या सुमारे २,६०० काचा फ्रान्स सरकारने विकत घेतल्या. १९२७ मध्ये तो गेला. ते जुने पॅरिस आज पाहायचे तर त्याच्याच फोटोंत पाहावे लागते.

रिकाम्या प्लॉटवरचा संसार

विजय नगरसारख्या आखीव वसाहतीत प्लॉट आधी पडतात आणि घरे हळूहळू उभी राहतात. मधल्या काळात रिकाम्या प्लॉटवर गवत, रुई आणि बाभळीचे राज्य असते. घरवाल्याला ती ओसाड जागा वाटते, छायाचित्रकाराला तिथे भरलेला संसार दिसतो.

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खडे जमवून त्यांत बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा असल्याने ती दोन हातांवरून दिसत नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की पक्षी पाण्यात पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवतो. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असा खेड्यापाड्यांतला अंदाज असतो. तो खरा ठरो वा न ठरो, हे पाखरू आपल्या प्लॉटवर नांदत होते याची नोंद पाया खणण्याआधीच व्हायला हवी.

मात्र येथेच छायाचित्रकाराची कसोटी लागते. जवळून फोटो मिळावा म्हणून माणूस घरट्यापाशी बसून राहिला, तर टिटवी ओरडत घिरट्या घालते आणि अंडी उन्हात भाजतात. कावळ्यालाही जागा कळते. म्हणून जाणता माणूस दुरून एक-दोन फोटो काढतो आणि निघून जातो. घरट्याचा नेमका पत्ता चारचौघांत सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना इजा करणे हाही शिकारीचाच प्रकार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर पाहण्यापेक्षा झाडावर पाहावे. माघ-फाल्गुनात पळस पेटतो, तांबट पक्षी दिवसभर टुकटुक करतो. चैत्रात दयाळ पहाटेच गाऊ लागतो. वैशाखात गुलमोहर फुलतो. मृगाच्या सुमारास चातक दिसला की कौले शाकारायची घाई होते. या प्रत्येक गोष्टीची तारीख फोटोबरोबर लिहून ठेवली, तर पाचसात वर्षांत ऋतू पुढे-मागे सरकत आहेत की काय, याचा अंदाज घरबसल्या येतो.

अशा नोंदींना शास्त्रज्ञही मान देतात. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे आणि त्यामागे सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींच्या आसपास नोंदी आहेत. त्यांतले कितीतरी जण हौशी होते. पक्षी कोणता, कुठे आणि कधी दिसला, एवढेच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले.

हौस आणि हानी

थंडीत नर्मदेच्या ग्वारीघाटावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. लोक त्यांना सरसकट 'सायबेरियन' म्हणतात. ते कुरव पक्षी. त्यांच्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवांची वीण तिबेट आणि मध्य आशियातल्या सरोवरांकाठी होते. नावेतून शेव उधळली की थवा डोक्यावर येतो आणि फोटो सुरेख मिळतो. म्हणूनच मोह आवरत नाही. पण तेलकट, खारट शेव हे काही या पक्ष्यांचे अन्न नाही. नदीतले मासे आणि किडे शोधणारा पक्षी नावेमागे भीक मागू लागला, तर ते चित्र सुंदर असले तरी समाधानाचे नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात काठावर शांत बसणाऱ्याला कुरवांचे फोटो शेव न उधळताही मिळतात. थोडा वेळ अधिक लागतो, इतकेच.

माणूस हा काही देखावा नव्हे

नर्मदा जयंतीला घाटावर दिव्यांची रांग लागते. नवरात्रात जबलपूरचे दुर्गोत्सवाचे मांडव पाहायला आसपासच्या गावांतून लोक येतात. मराठी घरांत गौरी-गणपती बसतात. भोसल्यांच्या अमलापासून आणि पुढे रेल्वे, १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घरात मराठी आणि ओट्यावर हिंदी बोलतात. अशा वस्तीत कॅमेऱ्याला विषयांची वाण नाही.

तरीही माणसाचा फोटो काढताना पाखरापेक्षा जास्त जपावे लागते. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रिया, दुःखात बसलेले कुटुंब, उघडीवाघडी मुले यांच्यावर कॅमेरा रोखणे हे असभ्यपणाचे आहे. भाजीवाली, शिंपी, कल्हईवाला, इस्त्रीवाला यांच्याशी आधी दोन शब्द बोलावेत. "काकू, एक फोटो काढू का?" एवढे विचारले तर नकार क्वचितच येतो, आणि आला तर तो मानावा. मुलांच्या फोटोसाठी आईवडिलांना विचारावे.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन कॅमेऱ्यात बांधले. ज्यांच्याकडे पाहून लोक नाक मुरडतात, त्यांचे कष्ट त्यांनी जगाला पाहायला लावले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कामगारांशी ओळख वाढवल्याशिवाय असे काम होत नाही.

आणखी एक जुनी रीत पाळण्यासारखी आहे. फोटो काढला की त्याची एक प्रत त्या माणसाला नेऊन द्यावी. फोनवर चित्र पाहणे वेगळे आणि कागदावरचा फोटो हाती येणे वेगळे. इस्त्रीवाल्याच्या टपरीत देवाच्या तसबिरीशेजारी तो लागतो. पुढच्या वेळी कॅमेरा पाहून तो पाठ फिरवत नाही, स्वतःच सांगतो, "भैया, मागच्या आवारात पोपटांनी पिल्ले घातली आहेत."

फोटोच्या पाठीवर चार ओळी

एके काळी ३६ फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवावा लागे. धुलाई, छपाईचा खर्च आठवून माणूस बटण जपून दाबायचा. आज फोनमध्ये दिवसाला शंभर फोटो निघतात आणि वर्षभरात त्यांतला एकही सापडत नाही. फोटो आहे, पण कोणाचा, कुठला आणि केव्हाचा हे माहीत नाही, तर त्याचा उपयोग कोणाला होणार? म्हणून काही साध्या सवयी लावून घ्याव्यात.

महिन्यातून एकदा त्याच जागी उभे राहून तोच देखावा टिपावा. घराची गच्ची, वळणावरचे झाड, तलावाचा काठ अशा तीन-चार जागा पुरेत.

प्रत्येक निवडक फोटोला जागा, तारीख आणि विषय लिहावा. छापील फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने लिहावे, बॉलपेनचा वळ पुढून उमटतो.

चांगल्या फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. एक आपल्याकडे, एक मुलीकडे किंवा भावाकडे. जुन्या निगेटिव्ह कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवाव्यात, कारण पावसाळ्यात त्यांवर आणि भिंगावरही बुरशी चढते.

वर्षातून एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जुने फोटो काढून बसावे आणि नावे लिहून घ्यावीत. ती नावे सांगणारे माणूस गेले की फोटोतली माणसे परकी होतात.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, जंगलात जावे लागत नाही. लागतो तो नेम. विजय नगरच्या रस्त्यावर आज उभा असलेला कांचन उद्या रस्तारुंदीत जाईल, रिकाम्या प्लॉटवर तीन मजले चढतील, टिटवी दुसरीकडे निघून जाईल. यातले बरेचसे कोणालाच थांबवता येणार नाही, आणि सगळे थांबवण्याची गरजही नाही. लोकांना घरे हवीच आहेत. पण येथे काय होते, हे नातवंडांना दाखवता आले पाहिजे. त्या दिवशी भेडाघाटचा अल्बम कोणी मागणार नाही. ते कडे तर तिथेच आहेत.