शहरांचीं दुखणीं आणि शाळेंतलीं मुलें

पॅरिस कोणत्या नदीच्या कांठीं वसलें आहे, हें आपल्या मुलांस बिनचूक सांगतां येतें. परंतु तेथील माणसें आज कोणत्या अडचणींत आहेत, हें त्यांना कोणी विचारीत नाहीं. शहर म्हणजे नदी, लोकसंख्या व प्रेक्षणीय स्थळें यांची यादी, अशीच आपल्या भूगोलाची जुनी वहिवाट आहे. युरोपांतील कित्येक शाळांनीं याहून निराळा मार्ग धरला असून त्याचा थोडा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, असा या लेखाचा हेतु आहे.

युरोपीय संघानें 1995 सालीं शाळाशाळांतील सहकार्यासाठीं एक योजना काढली व तिला कोमेनियस या सतराव्या शतकांतील शिक्षणतज्ज्ञाचें नांव दिलें. मुलांस चित्रांच्या द्वारें शिकवावें असें सांगणाऱ्या या पुरुषाला धर्मयुद्धामुळें स्वदेश कायमचा सोडावा लागला होता. पुढें 2005 सालीं ई-ट्विनिंग ही योजना निघाली. निरनिराळ्या देशांतील दोन शिक्षक एखादा विषय ठरवितात आणि दोन्ही वर्ग संगणकाच्या साहाय्यानें त्याचा एकत्र अभ्यास करितात. प्रत्यक्ष भेटीचा खर्च 2014 सालच्या इरॅस्मस प्लस योजनेंतून मिळूं शकतो. परंतु भेट न झाली तरी काम अडत नाहीं.

अशा अभ्यासास शहरांचे प्रश्न फार सोयीचे पडतात. व्हेनिसच घ्या. 12 नोव्हेंबर 2019 रोजीं तेथें भरतीचें पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलें. पुढल्या वर्षीं समुद्राच्या तीन मुखांवर बसविलेले 78 दरवाजे प्रथमच उचलून भरती अडविण्यांत आली. पण पाणी अडलें म्हणून माणसें राहिलीं नाहींत. 1951 सालीं जुन्या शहरांत सुमारें पावणेदोन लाख वस्ती होती. 2022 सालीं ती पन्नास हजारांच्या खालीं गेली. घरें प्रवाशांच्या उतारशाळा झालीं आणि घरभाडें रहिवाशांस परवडेना. 2024 सालीं एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर ठराविक दिवशीं पांच युरो कर बसविण्यांत आला.

कोपनहेगनचें संकट आकाशांतून आलें. 2 जुलै 2011 रोजीं दोनतीन तासांत सुमारें दीडशें मिलिमीटर पाऊस कोसळला व तळघरें भरून गेलीं. दुसऱ्या वर्षीं नगरपालिकेनें उद्यानें व रस्तेच पावसाचें पाणी सांठविण्याजोगे करण्याची योजना आंखली. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस अनुभविलेल्या मुंबईकरांस हा आंकडा लहान वाटेल. परंतु ज्या शहराचीं गटारें त्या मानानें बांधलेलीं नाहींत, त्यास तेवढाही पुरतो.

पॅरिसला उन्हानें गांठलें. 2003 सालच्या ऑगस्टांत फ्रान्समध्यें सुमारें पंधरा हजार माणसें उष्म्यानें दगावलीं. त्यांत बहुतेक वृद्ध होते, आणि एकाकी राहणारे पुष्कळ होते. 2018 पासून तेथील नगरपालिका शाळांचीं डांबरी अंगणें उकरून तेथें माती, झाडें व सांवली आणीत आहे, आणि अंगण कसें असावें हें मुलांसही विचारिलें जातें.

हे प्रश्न दोन गांवच्या मुलांनीं मिळून कां अभ्यासावे? आम्हांस याचें कारण असें दिसतें कीं, रोजच्या पाहण्यांतील गोष्ट डोळ्यांस दिसेनाशी होते. अंगणांतील डांबर दुपारीं किती तापतें, हें परगांवच्या मित्रानें विचारल्यावर मूल तापमापक घेऊन बाहेर पडतें. पूर्वीं पाणी कोठपर्यंत चढलें होतें, हें तें आजीला विचारतें. दोन्हीकडचे आंकडे शेजारीं मांडले म्हणजे वाद सुरू होतो. व्हेनिसचे दरवाजे मिटले कीं जहाजांची वाट अडते; मग ते केव्हां मिटावे? याचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें.

या उपक्रमांत दोष नाहींत असें नव्हे. पुष्कळ ठिकाणीं रंगीत तक्ते लावले कीं काम संपलें असें मानितात. ज्यांचें इंग्रजी कच्चें, तीं मुलें गप्प बसतात. राजकारणाचाही फटका बसतो. 2020 साल संपतांच ब्रिटन इरॅस्मस योजनेंतून बाहेर पडलें आणि तेथील शाळांस ही वाट बंद झाली. मोठ्यांच्या मतभेदाची किंमत मुलांनीं दिली.

आपला व युरोपीय शहरांचा संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. मुंबई व स्टुटगार्ट यांचें भगिनीनाते 1968 पासूनचें आहे. पुण्यास औंधाकडे ब्रेमेन चौक आहे. त्यावरून हजारों मुलें शाळेंत जातात. ब्रेमेन कोठें आहे, तेथील नदीस पूर येतो काय, तेथील म्हातारीं माणसें कशीं राहतात, हें त्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? वाचक पालकांस आमची सूचना एवढीच आहे कीं, प्रारंभ घरापासून करावा. आपल्या आळींत पाणी कोठें तुंबतें, कोणत्या घरीं वृद्ध माणूस एकटें राहतें, हें मुलास स्वतः हिंडून लिहूं द्यावें. दूरच्या शहरांतील मित्रास लिहावयाच्या पत्राचा मजकूर त्यांतूनच निघेल.