वसंतातील वादळी आठवडा : हवामानाचा अंदाज कसा बांधतात व कसा वाचावा

फाल्गुन व चैत्र हे महिने शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत नाजूक होत. गहू व हरभरा काढणीस आलेला असतो. रब्बी ज्वारीची कणसे खळ्यावर पडलेली असतात. कांदा उपटून शेतात सुकत असतो. नाशिककडे द्राक्षांची तोडणी, सांगलीकडे बेदाण्याची व हळदीची वाळवण आणि कोकणात आंब्याची फळधारणा ह्याच सुमारास चालू असते. वर्षभराचे श्रम व भांडवल उघड्या आभाळाखाली असते, आणि नेमक्या ह्याच वेळी वळवाचा पाऊस, सोसाट्याचा वारा व गारा येण्याचा धोका असतो. सन २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्रात पुनःपुन्हा गारपीट झाली आणि हाती आलेली रब्बी पिके व फळबागा जमीनदोस्त झाल्या. त्या दिवसांची आठवण अद्याप गावोगावी ताजी आहे.

गारपीट थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. तथापि अशा आठवड्याची चाहूल आता चार-पाच दिवस आधी लागू शकते. ती कशी लागते, तिच्यावर विश्वास किती ठेवावा व तिचा उपयोग कसा करावा, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वादळ का होते?

मार्च महिन्यात जमीन झपाट्याने तापू लागते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. एवढ्यानेच वादळ होत नाही. त्यास आणखी तीन गोष्टींची जोड लागते. पहिली गोष्ट म्हणजे बाष्प. बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारे वारे ते आणतात. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या थरातील थंड हवा. उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी झंझावाताची द्रोणी कधी कधी दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत उतरते व उंचावर थंड हवा आणते. खाली उष्ण व दमट आणि वर थंड अशी स्थिती झाली, की वातावरण अस्थिर होते. तिसरी गोष्ट म्हणजे उंचीबरोबर वाऱ्याचा वेग व दिशा ह्यांत पडणारा फरक. ह्या फरकामुळे ढगाचा चढता प्रवाह व त्यातून खाली पडणारा पाऊस परस्परांपासून अलग राहतात आणि ढग दीर्घकाळ टिकतो.

अशा ढगात पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या पातळीवर, म्हणजे आपल्याकडे ह्या ऋतूत साधारणतः ४ ते ५ किलोमीटर उंचीच्या वर, ढकलले जातात व तेथे गारा तयार होतात. चढता प्रवाह जितका जोराचा, तितकी मोठी गार तो तोलून धरतो; वजन अनावर झाले म्हणजे ती खाली कोसळते. जमीन दुपारी सर्वाधिक तापत असल्याने ही वादळे बहुधा दुपारनंतर व सायंकाळी होतात.

अंदाजाचे गणित

हवा, उष्णता व बाष्प ह्यांच्या हालचाली पदार्थविज्ञानाच्या नियमांनी बांधलेल्या आहेत. आजची स्थिती नेमकी ठाऊक असेल, तर त्या नियमांच्या आधारे उद्याची स्थिती गणिताने काढता यावी, हा ह्यामागील मूळ विचार होय. लुईस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे गणित हाताने करून दाखविले. त्याचे उत्तर चुकले. पण मार्ग बरोबर होता. पुढे १९५० साली अमेरिकेत एनिॲक ह्या गणकयंत्रावर अशा प्रकारचे पहिले यशस्वी अंदाज काढण्यात आले. त्या वेळी २४ तासांचा अंदाज काढण्यास जवळजवळ २४ तासच लागत असत.

आजची पद्धत थोडक्यात अशी आहे. जगभरातील वेधशाळा, समुद्रावरील जहाजे, विमाने, रडार व उपग्रह ह्यांच्याकडून निरीक्षणे गोळा होतात. ठराविक ठिकाणांहून पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या सुमारास उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडून वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता व वारा मोजतात. ह्या सर्व निरीक्षणांवरून वातावरणाचे एक आरंभचित्र तयार करतात. नंतर पृथ्वीचे वातावरण लहान लहान चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीचे गणित महासंगणक पुढे पुढे चालवितो. ह्या संपूर्ण गणितव्यवस्थेस प्रतिमान किंवा व्यवहारात मॉडेल असे म्हणतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत व नोएडा येथे ह्या कामी महासंगणक बसविलेले आहेत.

मॉडेलची मर्यादा

मॉडेलची चौकट सुमारे १२ किलोमीटर लांबी-रुंदीची असेल, तर एका चौकटीत १४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे कित्येक गावांची शिवारे सामावतात. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ह्या स्वदेशी मॉडेलची चौकट सुमारे ६ किलोमीटरची आहे. तरी तीतही ३६ चौरस किलोमीटर क्षेत्र येते. गारांचा पट्टा मात्र पुष्कळदा एखाद-दोन किलोमीटर रुंदीचाच असतो. एका शिवारात पीक झोडपले जावे आणि ओढ्यापलीकडे थेंबही पडू नये, हा अनुभव सर्वांस आहे. सबब, कोणत्या गावात गार पडेल हे मॉडेल चार दिवस आधी सांगू शकत नाही. वादळास अनुकूल परिस्थिती कोणत्या दिवशी व कोणत्या भागात जुळून येईल, एवढेच ते सांगते.

दुसरी मर्यादा काळाची आहे. एडवर्ड लोरेंझ ह्या शास्त्रज्ञाने १९६३ साली असे दाखवून दिले, की आरंभीच्या स्थितीतील अगदी सूक्ष्म फरकही कालांतराने वाढत जाऊन उत्तर पूर्णपणे बदलू शकतो. म्हणून अंदाजाचा दिवस जितका दूर, तितकी त्याची खात्री कमी.

ह्यावर उपाय म्हणून एकच गणित न करता आरंभचित्रात थोडे थोडे फरक करून तेच गणित अनेक वार करतात. भारतीय हवामान विभागाच्या अशा एका समूह-मॉडेलात २१ गणिते एकाच वेळी चालतात. समजा, २१ पैकी १८ गणितांनी गुरुवारी मराठवाड्यावर वादळी पाऊस दाखविला, तर खात्री बरीच धरावी. केवळ ५ गणितांनी दाखविला, तर शक्यता आहे परंतु भरवसा नाही, असे समजावे. अंदाजातील ‘शक्यता’ हा शब्द गुळमुळीत बोलण्यासाठी घातलेला नसून त्यामागे असे मोजमाप असते.

आठवडा जवळ येतो तसतसे

सहा-सात दिवस आधी मॉडेलमध्ये पश्चिमी झंझावाताची मोठी द्रोणी दिसू लागते. ह्या वेळी एवढेच जाणावे, की आठवडा बिघडण्याचा संभव आहे. ताडपत्र्या तपासणे, मजूर व मळणीयंत्राची चौकशी करणे, इतकीच कामे ह्या टप्प्यावर करावीत.

तीन-चार दिवस आधी निरनिराळी मॉडेले परस्परांशी जुळतात किंवा कसे, हे पाहावे. आज दाखविलेला दिवस उद्याच्या अंदाजातही कायम राहिला, तर विश्वास वाढतो. काढणीचा निर्णय ह्याच टप्प्यावर घ्यावा लागतो. कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो; तो अवश्य पाहावा.

एक-दोन दिवस आधी जिल्हावार इशारे अधिक नेमके होतात. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा व तांबडा म्हणजे कृती करा, असा त्यांचा अर्थ आहे.

प्रत्यक्ष वादळाच्या दिवशी मॉडेलपेक्षा रडार व उपग्रह अधिक उपयोगी पडतात. त्यांवरून पुढील तीन तासांपुरते तात्कालिक इशारे दिले जातात. ‘दामिनी’ ह्या भ्रमणध्वनीवरील सेवेतून आसपासच्या विजेची सूचना मिळते.

एका शब्दाचा अनर्थ

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ असे वाचले, की ‘तुरळक म्हणजे किरकोळ’ अशी पुष्कळांची समजूत होते व ते निर्धास्त राहतात. ही समजूत घातक आहे. ‘तुरळक’ हा शब्द वादळाचा जोर सांगत नाही, त्याचा विस्तार सांगतो. त्या विभागातील शेकडा २५ पर्यंत ठिकाणी ते होईल, एवढाच त्याचा अर्थ. जेथे ते होईल तेथे ते भयंकरही असू शकेल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे शेकडा २६ ते ५० ठिकाणी. गारपीट स्वभावतःच तुरळक असते. म्हणून तिच्या बाबतीत हाच शब्द बहुधा येणार. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फलकावर अंदाज लिहिताना हा अर्थ आवर्जून लिहावा.

निर्णय कसा घ्यावा?

पाऊस नक्की येणार का, हा प्रश्न विचारण्यापेक्षा खबरदारीचा खर्च किती व ती न घेतल्यास नुकसान किती, हे पडताळावे. उदाहरणार्थ, खळ्यावर वाळत असलेली शिजविलेली हळद गोळा करून झाकण्यास ३,००० रुपये मजुरी पडते व ती भिजल्यास २०,००० रुपयांचे नुकसान होते असे धरू. खर्चाचे नुकसानीशी प्रमाण शेकडा १५ येते. आपल्या शिवारात पावसाचा संभव शेकडा १५ हून अधिक असेल, तर हळद झाकणेच हिताचे.

उलटपक्षी, दाणा पुरता न भरलेला गहू घाईने कापल्यास १२,००० रुपयांची तूट येते व वादळात सापडल्यास ३०,००० रुपयांची हानी होते असे धरू. येथे प्रमाण शेकडा ४० येते. संभव शेकडा ३० असेल, तर हळद झाकावी, पण गहू उभा ठेवावा. अंदाज एकच, परंतु निर्णय दोन. आणि दोन्ही योग्य. दहा वेळा झाकून सात वेळा पाऊस आला नाही, तरी झाकणे वाया गेले असे होत नाही. प्रत्येकाने आपल्या पिकाचे व आपल्या मजुरीचे आकडे घालून हा हिशेब करावा. मात्र जिल्ह्यात कोठेतरी वादळ होण्याचा संभव व आपल्याच शेतावर होण्याचा संभव ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसरा नेहमी कमी असतो, हे ध्यानात ठेवावे.

करावयाची कामे

१. पक्व झालेला गहू, हरभरा व ज्वारी काढून मळणी उरकावी. मळणी शक्य नसल्यास उंचवट्यावर गंजी रचून ताडपत्रीने घट्ट झाकावी व भोवती चर काढावा.

२. उभ्या गव्हास वादळी वाऱ्याच्या आधी पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत पीक लोळते.

३. पाऊस अपेक्षित असताना फवारणी करू नये व खतांचा हप्ता देऊ नये. औषध धुऊन जाते व पैसा वाया जातो.

४. काढलेला कांदा आडोशाला हलवावा. भिजलेला कांदा साठवणुकीच्या कांद्यात मिसळू नये.

५. तोडणीयोग्य द्राक्षे व इतर फळे आधी उतरवावीत. केळीस व वेलवर्गीय पिकांच्या मांडवास आधार द्यावा.

६. जनावरे झाडाखाली बांधू नयेत. मेघगर्जना ऐकू येताच शेतातील काम थांबवून पक्क्या घरात जावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पीक पुन्हा घेता येते, प्राण परत येत नाही.

गावाची नोंदवही

प्रत्येक गावी एक साधी वही ठेवावी, अशी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना आहे. तीत चार रकाने असावेत : तारीख, अंदाज काय होता, प्रत्यक्षात काय घडले व शेतकऱ्यांनी काय केले. इशारा दिला व वादळ आले, इशारा दिला व आले नाही, इशारा नव्हता व आले, आणि इशारा नव्हता व आलेही नाही, अशा चार प्रकारांत नोंदी मोजाव्यात. एखाद-दोन हंगामांत गावास आपोआप कळेल, की चार दिवस आधीचा अंदाज आपल्या भागात किती वेळा खरा ठरतो आणि आदल्या दिवशीचा किती वेळा. एखादा इशारा फुकट गेला म्हणजे ‘हे नेहमीचेच’ असे म्हणून पुढच्या इशाऱ्याकडे पाठ फिरविण्याची जी प्रवृत्ती होते, तिला अशी नोंद हाच खरा उतारा होय.

पूर्वजांनी वाऱ्याची दिशा, ढगांचा रंग व पाखरांची हालचाल पाहून आडाखे बांधले. ती नजर आजही टाकून देण्यासारखी नाही. दुपारच्या तीन तासांत ती पुष्कळ उपयोगी पडते. परंतु चार दिवसांपुढचे आभाळ डोळ्यांना दिसत नाही. ते दाखविण्याचे काम गणित करते. दोहोंची सांगड घालून जो शेतकरी वेळीच ताडपत्री पसरील, त्याच्या घरात धान्य कोरडे जाईल.