‘जोडलेले गाव’ कशास म्हणावे? : पासलीच्या अनुषंगाने डिजिटल लोकसेवांचा विचार

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, वेल्ह्याहून केळद व मढेघाटाकडे जाणाऱ्या मार्गावर पासली हे गाव वसले आहे. एका बाजूस १,४०३ मीटर उंचीचा तोरणा आणि दुसऱ्या बाजूस कोकणात उतरणारा सह्याद्रीचा कडा, अशी या पट्ट्याची ठेवण आहे. डोंगरउतारावरील भातखाचरे, मूळ गावठाणापासून दूर विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यातील मुसळधार वृष्टी ही येथील जीवनाची ठळक लक्षणे होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर असताना वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांच्या आतच होती. या तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये संमती दिली. भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन तालुके येतात. ज्या हिंजवडीत देशोदेशींच्या संगणकीय व्यवहारांची आज्ञावली लिहिली जाते, ती हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. एकाच मतदारसंघात माहिती तंत्रज्ञानाचे मोठे केंद्र आणि सह्याद्रीच्या ऐन कड्यावरील वाड्या यांचा असा योग आल्यामुळे, इंटरनेटचा प्रसार आणि शासकीय सेवांचे संगणकीकरण यांचा परस्परसंबंध तपासण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

या दोन गोष्टींचा उल्लेख बहुधा एका श्वासात केला जातो. वस्तुतः त्या भिन्न आहेत, आणि त्यांचा वेगही भिन्न असू शकतो. सेवा संगणकावर नेण्याचा निर्णय एका आदेशाने अमलात येतो. जोडणी मात्र खांबाखांबाने आणि चराचराने पुढे सरकते. पहिली गोष्ट दुसरीच्या पुढे निघून गेली, तर जी सेवा पूर्वी विलंबाने का होईना हाती पडत होती, तीच दुरापास्त होण्याचा संभव असतो. म्हणून ‘गाव जोडले गेले’ असे केव्हा म्हणावयाचे, या वरकरणी साध्या वाटणाऱ्या प्रश्नास मोठे महत्त्व प्राप्त होते.

व्याख्येचा पूर्वेतिहास

हा प्रश्न इंटरनेटच्या आधीचा आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी विजेचा वापर होत असला, की ते गाव विद्युतीकृत समजले जाई. शिवारातील एका विहिरीवर पंप बसला, की सारे गाव कागदोपत्री उजळून निघे. घरोघर मात्र रॉकेलची चिमणीच मिणमिणत राही. २००४ मध्ये ही व्याख्या बदलण्यात आली. वस्तीत रोहित्र व वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक जागी वीज असावी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असावी, अशा अटी आल्या. व्याख्या बदलताच ‘झालेले’ काम पुन्हा ‘करावयाचे’ ठरले. दूरध्वनीचेही तसेच झाले. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व गावांत दूरध्वनी नेण्याचे उद्दिष्ट ठेविले; ते पुरे न झाल्याने १९९९ च्या धोरणाने २००२ ही नवी मुदत घातली. तेथेही मोजणीचे एकक गाव हेच होते, घर नव्हे.

देशात इंटरनेटची सार्वजनिक सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. ग्रामीण भागासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणे हा तिचा हेतू होता. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने राज्य शासनाच्या महाआयटी या कंपनीकडे सोपविण्यात आले. येथे एकक ठरले ते ग्रामपंचायत कार्यालय. सपाटीवरील एकवट वस्तीच्या गावात हे एकक फारसे दिशाभूल करीत नाही. डोंगरी मुलखात मात्र अनेक गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते आणि एकेका गावाच्या वाड्या ओढ्यांपलीकडे पसरलेल्या असतात. तेथे कार्यालयाच्या भिंतीवर लागलेली पेटी आणि शेवटच्या वाडीवरील माणूस यांत मोठे अंतर उरते.

हे अंतर घरांच्या मोजणीत स्पष्ट दिसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील नागरी कुटुंबांपैकी ४२ टक्के, तर ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. त्यानंतर मोबाइलमुळे स्थिती पुष्कळ पालटली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही कधीतरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के, तर स्त्रियांचे अवघे ३३ टक्के आढळले. म्हणजे गाव या एककाखाली जसे घर झाकले जाते, तसेच घर या एककाखाली व्यक्ती झाकली जाते.

लहरी, डोंगर आणि पाऊस

डोंगरी भागात ‘रेंज’ का मिळत नाही, याची कारणमीमांसा नीट करणे अगत्याचे आहे. कारण उपाययोजना तीवरच अवलंबून असते. मोबाइलच्या रेडिओलहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. डोंगराची सोंड आडवी आली, की तिच्या मागे सावली पडते. लहरीची लांबी जितकी अधिक, तितकी ती अडथळ्याच्या कडेवरून अधिक वळते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर २,३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे १३ सेंटिमीटर असते. म्हणून दऱ्याखोऱ्यांत कमी कंप्रतेच्या लहरी अधिक उपयोगी पडतात. तथापि तोरण्याएवढ्या डोंगरामागे त्याही पुरेशा बळाने पोचत नाहीत. शिवाय संभाषण दुतर्फा असते. मनोऱ्याचा आवाज मोठा असला, तरी हातातील दूरध्वनीची प्रक्षेपणशक्ती एका वॅटच्या पाचव्या हिश्शाएवढीच असते. पडद्यावर रेंजची रेघ दिसते, पण पाठविलेला अर्ज पुढे सरकत नाही, हा परिचित अनुभव बहुतांशी त्यामुळे येतो.

पावसाने रेंज जाते, हा समज अर्धाच खरा आहे. मोबाइलच्या नेहमीच्या लहरींवर पावसाचा परिणाम अत्यल्प होतो. पावसाळ्यात सेवा खंडित होते ती मुख्यतः तीन कारणांनी : झाडे पडून वीजपुरवठा तुटतो आणि मनोऱ्यावरील बॅटऱ्या संपतात, दरड कोसळून वा रस्त्याच्या कामात फायबर तुटते, आणि जेथे मनोरे एकमेकांस उच्च कंप्रतेच्या सूक्ष्मलहरींनी जोडलेले असतात, तेथे तो दुवा मुसळधार पावसात क्षीण होतो. यावरून केवळ मनोऱ्यांची संख्या वाढविणे पुरेसे नाही, हे ध्यानात यावे. वीज, दुरुस्ती आणि पर्यायी मार्ग ही जोडणीचीच अंगे होत.

धोरणकर्त्यांनाही याची जाणीव होत गेली आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोबाइल सेवेपासून वंचित असलेल्या २४,६८० गावांत ४-जी सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर करून ती बीएसएनएलकडे सोपविली. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटचे सुधारित स्वरूप सुमारे १,३९,५७९ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजूर झाले. त्यात ग्रामपंचायती कड्याच्या आकाराने जोडण्याची, दहा वर्षांच्या देखभालीची आणि पंचायतीचे ठिकाण नसलेल्या गावांनाही मागणीनुसार फायबर देण्याची तरतूद आहे. कडे असले म्हणजे एका बाजूस दरड कोसळली, तरी संदेश दुसऱ्या बाजूने वळविता येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहाला डोंगराची आडकाठी कमी. पण मोकळे आकाश, अखंड वीज आणि परवडणारे शुल्क या अटी त्यालाही सुटलेल्या नाहीत.

सेवेच्या साखळीत जोडणी कोठे लागते?

लोकसेवांचे या दृष्टीने तीन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात अशा सेवा येतात, की ज्यांना जोडणी एका ठिकाणी व एकदाच लागते. सातबारा उतारा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा इंटरनेटवर मिळू लागला. तो वेल्ह्याच्या बाजारी कोणत्याही सेवा केंद्रातून काढून आणता येतो. त्यासाठी वाडीवर रेंज असण्याची आवश्यकता नाही. तलाठ्याच्या (आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या) भेटीसाठी होणारे हेलपाटे त्यामुळे वाचले, हा निर्विवाद लाभ आहे.

दुसऱ्या वर्गातील सेवांना जोडणी विशिष्ट स्थळी लागते, परंतु ती तत्काळ लागतेच असे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी या वर्गात मोडते. पूर्वी तलाठी पिकाची नोंद गाव नमुना १२ मध्ये करीत असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, स्थानाच्या अक्षांश-रेखांशांसह पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे असते. नुकसानभरपाई व शासकीय खरेदी यांसारख्या गोष्टी या नोंदीशी निगडित असल्याने तिचे मोल मोठे आहे. छायाचित्र शेतात घेऊन माहिती रेंजच्या जागी पाठविता आली, तर डोंगरी शेतकऱ्याची अडचण बरीच हलकी होते. तरीही एक बदल नजरेआड करून चालणार नाही : जे श्रम पूर्वी शासनाच्या नोकराचे होते, ते आता खातेदाराकडे आले आहेत, आणि चांगल्या दूरध्वनीचा खर्चही त्याच्याच माथी आला आहे.

तिसरा वर्ग सर्वांत नाजूक. तेथे जोडणी विशिष्ट स्थळी आणि त्याच क्षणी लागते. शिधावाटप दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेविला, की बोटाचा ठसा आधारच्या मध्यवर्ती संचयाकडे जातो व तेथून होकार आल्यावर धान्य मिळते. मधला एक दुवा तुटला, की धान्य दुकानात असूनही पदरात पडत नाही. भातलावणीत व मोलमजुरीत झिजलेली बोटे ही अडचण आणखी वाढवितात. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून, प्रमाणीकरण अयशस्वी झाल्यास अन्य मार्गाने ओळख पटवून लाभ द्यावा, असे सूचित केले. असा पर्यायी मार्ग दुकानदारास ज्ञात आहे काय, आणि तो वापरल्यास आपणांवर ठपका येणार नाही अशी त्याची खात्री आहे काय, या दोन गोष्टींवर शेवटी सारे अवलंबून राहते.

पूर्वीच्या प्रयोगांतून मिळणारा बोध

महाराष्ट्रास या क्षेत्रातील अनुभव अपुरा नाही. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतीच्या कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे स्थापून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेण्यात आला. शेतीविषयक माहितीपासून शासकीय सेवांपर्यंत अनेक उद्दिष्टे त्यापुढे होती. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यत्वे ऊसउत्पादकांच्या नोंदी व हिशेब यांपुरता राहिला. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले. ते स्वस्तात झाले आणि शेतकऱ्यास केंद्रापर्यंत जाण्याचीही गरज उरली नाही. त्याआधी, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी जे दूरध्वनी केंद्र घडविले, ते वातानुकूलनाविना, धुळीत व उष्म्यात चालेल असेच घडविले होते. दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच : स्थळाच्या मर्यादा गृहीत धरून जे साधन रचले जाते, ते टिकते.

कायद्याचे घड्याळ

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला. विलंब झाल्यास दोन अपिले, त्यांवर राज्य सेवा हक्क आयोग आणि दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड, अशी त्याची रचना आहे. परंतु मुदतीचे घड्याळ चालू होते ते परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर. रेंज शोधण्यात, वेल्ह्यापर्यंत जाण्यात, ‘आज सर्व्हर बंद आहे’ हे ऐकून परतण्यात आणि बुडालेल्या रोजगारात गेलेला काळ या घड्याळास ठाऊकच नसतो. त्यामुळे सर्व अर्ज मुदतीत निकालात निघाल्याचा अहवाल आणि नागरिकाचे चार हेलपाटे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल साधनांपर्यंतची पोच ही घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. तो निर्णय दिव्यांग व ॲसिडहल्ल्याने चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्तींच्या ओळख-पडताळणीसंबंधी असला, तरी त्यात ग्रामीण व दुर्गम भागातील वंचितांचाही विचार झालेला आहे.

निष्कर्ष

सारांश, डोंगरी तालुक्यात जोडणीचे एकक ग्रामपंचायत, मनोरा अथवा अर्जांची संख्या हे असून भागणार नाही. पुरी झालेली सेवा हेच एकक धरावयास हवे. एका कामासाठी किती फेऱ्या झाल्या, अर्ज दाखल होण्यापूर्वी किती दिवस गेले, आणि जोडणी तुटली असता पर्यायी मार्गाने किती जणांचे काम झाले, या तीन गोष्टी वाडीवार मोजता येण्याजोग्या आहेत. त्यांना महागडी साधने लागत नाहीत. एक प्रश्नावली, भर पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील अशा दोन फेऱ्या आणि चिकाटी एवढे पुरे. अशी पाहणी झाल्यास कोणती सेवा तिसऱ्या वर्गातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून पहिल्यात आणता येईल, हे सांगता येईल. आणि जोडणी पोचेपर्यंतच्या काळात कोणता कागद, कोणती नोंदवही व कोणता कर्मचारी कायम ठेवावयास हवा, हेही ठरविता येईल. पासलीच्या शेवटच्या वाडीवरील वृद्धेस ऐन पावसाळ्यात पहिल्याच खेपेस धान्य मिळाले, तर ते गाव जोडलेले समजण्यास हरकत नाही.