जुन्या जिप्सीला आधी काय लागतं

जुनी जिप्सी दारात आली की नव्या मालकाची पावलं आधी टायरच्या दुकानाकडे वळतात. मोठे, रुंद, जाड ठोकळ्यांचे टायर चढतात. मग गाडी दोन इंच वर उचलली जाते, पुढे लोखंडी गार्ड येतो, छतावर दिव्यांची पट्टी लागते. महिन्याभरात गाडी फोटोत रुबाबदार दिसते, पण वरंध घाटात जिथे दुसरा गिअर पुरायचा तिथे पहिला टाकावा लागतो. बरीच वर्षं जिप्सी वापरून आणि मित्रांच्या जिप्सींखाली पाठीवर झोपून माझं एक मत पक्कं झालं आहे. या गाडीचं सगळं बळ तिच्या हलकेपणात आहे. तो हलकेपणा राखणारा खर्च आधी करावा आणि तो हिरावून घेणारा खर्च सगळ्यात शेवटी.

मारुतीने जिप्सी बाजारात आणली डिसेंबर १९८५ मध्ये. सुझुकीच्या एसजे४१० या गाडीची ही लांब चासीची आवृत्ती. इंजिन ९७० सीसीचं, ताकद साधारण ४५ अश्वशक्ती, गिअर चार. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढलं आणि वळणावर गाडीची बैठक सुधारली. १९९६ मध्ये १.३ लिटरची ‘जिप्सी किंग’ पाच गिअर घेऊन आली. २००० मध्ये इंधन इंजेक्शनचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन बसलं आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. लष्कराने आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षं राबवली. ताडोबाला जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने वाघाची वाट पाहिली ती उघड्या जिप्सीत बसून. या सगळ्या पिढ्यांमध्ये तीन गोष्टी बदलल्या नाहीत: पुढे-मागे सरळ ॲक्सल, त्याखाली पाटे, आणि वजन साधारण एक टन. आजची मोठी फोर बाय फोर गाडी पावणेदोन-दोन टनांची असते. ती ज्या चिखलात रुतते त्यावरून जिप्सी निघून जाते, ते या वजनामुळे.

टायरआधी गाडीखाली जायला हवं. बाजारात येणारी जिप्सी वीस-पंचवीस वर्षांची, बऱ्याचदा लष्करी लिलावातून दोन-तीन हात फिरून आलेली. रंग नवा असतो, सीट नवी असते. खालची चासी मात्र कोणी पाहिलेली नसते. लहान हातोडीने चासीवर ठोकत जायचं. धड लोखंड खणखणीत वाजतं, आतून गंजलेलं दबका आवाज देतं. पाट्यांची टोकं जिथे चासीला जोडलेली असतात तिथे आणि मागच्या आडव्या पट्टीत गंज पहिल्यांदा धरतो. किनारपट्टीवर वावरलेली गाडी असेल तर हे दोनदा तपासावं.

मग पुढची चाकं. पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थांबत नाही, ही जुन्या जिप्सीची ठरलेली तक्रार. टायरवाला म्हणतो बॅलन्सिंग करा, कोणी स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतो. थरथर दबते, दोष तसाच राहतो. तो शोधायला जॅक, दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. पुढचं चाक जमिनीवरून उचला. एक हात वर, एक हात खाली असं चाक धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिनची बेअरिंग गेली आहेत. त्यानंतर टाय रॉडची टोकं, स्टिअरिंग बॉक्स, पाट्यांचे बुश. पुण्याच्या नाना पेठेत यातलं बहुतेक सामान आजही मिळतं, आणि या साऱ्याचा खर्च चार मोठ्या टायरांच्या मानाने कमी येतो. सैल किंगपिनवर जड चाक चढवलं तर ती थरथर दुप्पट जोराने परत येते, म्हणून हा क्रम मी ठामपणे सांगतो.

ब्रेकचंही याच वेळी पाहून घ्यावं. मागच्या ड्रममध्ये चिखल बसून राहतो, व्हील सिलिंडर गळतात, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. लांब घाट उतरताना ते तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं.

आता टायर. किंगवर मूळ माप २०५/७० आर१५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि रिम १५ इंची. हिशेब केला तर चाकाची एकूण उंची ६६८ मिलिमीटर येते. पुष्कळांचा डोळा असतो २३५/७५ आर१५ वर, त्याची उंची सुमारे ७३४. फरक ६६ मिलिमीटरचा वाटतो, पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून डिफरन्शियलखाली मिळणारी जागा त्याच्या निम्मी, ३३ मिलिमीटर. त्या सव्वा इंचाची किंमत पाहा. चाक जवळपास दहा टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी लांबला. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावते. तेवढ्याच ब्रेकने जमिनीवर पोचणारा जोर नऊ टक्क्यांनी घटतो, वर चाक जड झालं ते वेगळंच. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाट्याला किंवा पत्र्याला घासतो. मग घासू नये म्हणून गाडी उचला, उचलल्यावर प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलले म्हणून क्रॉस बदला, अशी माळ सुरू होते. ८० अश्वशक्तीचं इंजिन हे कसंबसं सोसतं, ४५ चं सोसत नाही.

मधली वाट आहे. २१५/७५ आर१५ ची उंची सुमारे ७०४ मिलिमीटर, म्हणजे वाढ पाच टक्क्यांची आणि खाली जागा १८ मिलिमीटर जास्त. गिअरवर त्याचा भार जाणवतो, पण गाडी मरगळत नाही. मूळ रिम चांगले असतील तर तेच ठेवावेत. जुन्या महिंद्रा जीपच्या आणि जिप्सीच्या रिमला नटांची पाच भोकं एकाच वर्तुळावर असतात, म्हणून जीपचे रिम सर्रास बसवले जातात. मधलं भोक आणि रिमचा आत-बाहेरचा कल जुळतो का, हे मात्र कोणी मोजत नाही. चाक जितकं बाहेर येतं तितका बेअरिंगवरचा ताण वाढतो.

टायरच्या नक्षीचं काय? आपल्याकडे याचं उत्तर मातीवर ठरतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याची लाल माती. ती खरखरीत असते, पाणी सोडते, टायरच्या खाचांत फार काळ टिकत नाही. तिथे ऑल-टेरेन म्हणजे ‘एटी’ नक्षी पुरते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती निराळी. ओली झाली की चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत ती सगळ्या खाचा भरून टाकते आणि कितीही चांगला एटी टायर गोटा झाल्यासारखा घसरू लागतो. तिथे मड-टेरेनचे, ‘एमटी’चे, दूर-दूर बसवलेले ठोकळे माती झटकून टाकतात. पण तोच एमटी पावसातल्या डांबरावर कमी रबर टेकवतो आणि थांबायला जास्त जागा घेतो. त्याचा आवाज तर कायमचा सोबतीला. सह्याद्रीतल्या ओल्या, शेवाळलेल्या काळ्या दगडावर ठोकळ्यांची खोली उपयोगाची नसते. तिथे लागतं मऊ रबर, बारीक चिरा आणि दगडाभोवती वाकणारी भिंत. आठवड्याचे सहा दिवस डांबरावर आणि एक दिवस कच्च्यावर जाणाऱ्या गाडीला मी एटीच सुचवतो.

वाकण्यावरून आठवलं. दुकानात ‘जास्त प्लायचा घ्या, मजबूत असतो’ हा सल्ला हमखास मिळतो. दहा प्लाय दर्जाचा टायर दोन-तीन टनांच्या पिकअपसाठी केलेला असतो. एक टनाच्या जिप्सीखाली तो वाकतच नाही, लाकडी चाकासारखा दगडावरून उसळतो. टायरच्या भिंतीवर मापानंतर भारांक छापलेला असतो. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, १०० म्हणजे ८००. चार टायर मिळून जिप्सीला सामानासकट हे पुरून उरतं.

तिथेच चार आकड्यांचा एक शिक्का असतो, तो वाचायला विसरू नये. ३५१६ असेल तर टायर २०१६ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. जुन्या जिप्सी कमी चालतात, त्यामुळे त्यांचे टायर वरून नवे दिसतात, खाचा खोल असतात, आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं असतं. नखाने दाबून पाहा, ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक तडे आहेत का ते पाहा. कायद्याने खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. चिखलासाठी ती केव्हाच अपुरी झालेली असते. सगळ्यात म्हातारा टायर बहुधा मागे लटकवलेला स्टेपनी असतो.

टायर कोणताही असो, त्यातून खरं काम करून घेते ती हवा. मोटारीच्या सवयीने पंपावर ३२-३५ पीएसआय भरून घेतलेल्या जिप्सी मी कायम पाहतो. पाटे आधीच कडक, त्यात टायर दगड झालेला, मग गाडी उधळते आणि दोष पाट्यांना मिळतो. रस्त्यावर पुस्तिकेत दिलेली हवाच ठेवावी. कच्च्या वाटेला लागण्याआधी ती १६ ते १८ पर्यंत उतरवावी. हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो असं वाटतं, पण जमिनीला टेकणारा भाग रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो. रणगाड्याचा पट्टा ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. भर वाळूत १२ पर्यंत जाता येतं, पण तेव्हा झटकन वळायचं नाही, नाहीतर टायरची कड रिमवरून निसटते. ट्यूब असेल तर आणखी जपावं. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर फिरते आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. रिम धड असतील तर ट्यूबलेस बरे. डांबर लागलं की हवा पुन्हा भरायलाच हवी, नाहीतर वेगात भिंती तापतात. म्हणून माझ्या मते पहिली खरेदी दोन वस्तूंची: बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा चांगला कंप्रेसर, आणि विश्वासाचा हवामापक.

यानंतरची सुधारणा डोळ्यांना दिसत नाही. ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवा सोडणारा ब्रीदर असतो. तासभर चालून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून जे मिळेल ते ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच आत येतं. पावसाळ्यानंतर डिफरन्शियलचा नट खोलून तेल पाहा. मधासारखं न राहता दुधाळ झालेलं निघालं, तर बेअरिंगांचे दिवस भरत आले आहेत. इलाज साधा आहे. इंधनाला चालणारी रबरी नळी घेऊन प्रत्येक ब्रीदर इंजिनच्या वरच्या उंचीपर्यंत न्यायचा. तासाभराचं काम.

दुसरी गोष्ट ओढण्याची. आपल्याकडे रुतलेली गाडी बहुधा जवळच्या शेतातला ट्रॅक्टर काढतो, साखळीने, आणि साखळी अडकवली जाते सापडेल त्या जागी. त्यात बंपर निघून येतो, पाट्याचा शॅकल वाकतो. पुढे आणि मागे चासीला नीट बोल्टने बसवलेला, भार सांगणारा हुक हवा, सोबत दोन डी-शॅकल आणि ताणणारा दोर. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नये. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि त्याने जगभर माणसं मेली आहेत. दोर ताणलेला असताना त्यावर ओलं पोतं किंवा जड जाकीट टाकावं आणि बघ्यांना लांब उभं करावं.

विंच, लॉकर, उंच सस्पेन्शन या पुढच्या गोष्टी. यात लॉकर सर्वांत उपयोगी, कारण एक चाक हवेत गेलं की साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्याच चाकात वाया घालवतो. पण कोणती चाकं केव्हा उचलली जातात हे सरावाने कळल्यावर तो घ्यावा. छतावरचं कॅरिअर मी टाळतो. अरुंद गाडीवर उंचावर ठेवलेले पन्नास किलो आडव्या उतारावर फार महाग पडतात. कायदाही लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. लोखंडी बुल बारवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं आहे. पंधरा वर्षांनंतर गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावी लागते, तेव्हा हे सगळं निरीक्षकासमोर उभं राहतं.

चाकं कुठे घालायची, हेही गाडीच्या तयारीतच येतं. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तशाच पातळ मातीचे, पावसाळी फुलांचे सडे साऱ्या घाटमाथ्यावर आणि कोकणात पसरलेले आहेत. एमटी टायरची एक ओली फेरी ती बोटभर माती खरवडून काढते, आणि ती पुन्हा साचायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. रत्नागिरीकडच्या सड्यांवर बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं जमिनीच्याच पातळीत कोरलेली आहेत. गवत वाढलं की चालकाला ती दिसतही नाहीत. सरावाला बंद पडलेल्या खाणी आहेत, परवानगीने मिळणारी खासगी जमीन आहे. अनुभवी मंडळी नव्यांना घेऊन अशाच जागी जातात. नव्या टायरची आणि कमी केलेल्या हवेची पहिली परीक्षा तिथेच घ्यावी, कारण अडकलात तर शेजारी दुसरी गाडी असते, तिच्यात दोर असतो आणि तो नीट बांधता येणारा माणूसही असतो.